एकटा शब्द घरी आणू नकोस

बाय, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात तुझं नाव लागलं तेव्हा तुझ्या बाबाने मला लगेच फोन केला. पेढ्यांचं राहिलं बाजूला, पहिलं वाक्य होतं, ‘आत्या, हिचं इंग्रजी कसं निभणार?’ दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढची दोन वर्षं निम्मं पाठांतरावर काढलेली, आणि आता पुस्तकं, प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा सगळं इंग्रजीत. मी उभा जन्म इंग्रजीच शिकवलं. पण तुला जे सांगायचंय ते बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं, ते तुझ्या पणजोबांचं आहे.

आम्ही त्यांना दादा म्हणायचो. रत्नागिरीच्या कोर्टात नाझर. त्यांचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि कोर्टाच्या कागदांवर पोसलेलं. त्यांचा एकच दंडक होता : शब्द एकटा घरी आणायचा नाही. पाहुणा दारात आला की आपण विचारतो ना, कुठले तुम्ही, कोणाचे कोण? तसं शब्दाला विचारायचं, आणि त्याची माणसं बाहेर ताटकळत असतील तर त्यांनाही आत घ्यायचं.

कोकणी माणूस गडग्यालगतच्या वीतभर जागेसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, त्यामुळे दादांना मालाची टंचाई कधी पडली नाही. ‘कम्प्लेन’ म्हणजे तक्रार करणं. मग तक्रार ती ‘कम्प्लेंट’ आणि फिर्यादी तो ‘कम्प्लेनंट’. ‘अपील’ करतो तो ‘अपेलंट’. समोरचा ‘रिस्पॉन्ड’ करतो, त्याचं उत्तर ‘रिस्पॉन्स’, तो स्वतः ‘रिस्पॉन्डंट’. ‘अप्लाय’ केलं की ‘ॲप्लिकेशन’, करणारा ‘ॲप्लिकंट’, आणि कलम लागू पडत असेल तर ते ‘ॲप्लिकेबल’. दादा म्हणत, शेपटाला हा ‘अंट’ दिसला की समजायचं, कोणीतरी काहीतरी करतोय. तुझ्या विषयात तो माणूस नसेल, द्रव्य असेल. पाणी ‘पोल्यूट’ करतं ते ‘पोल्यूटंट’. पण खूण तीच.

तर पहिलं काम, एक आडवी वही घे आणि चार रकाने आख : क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण. शेवटचा अरुंद ठेवलास तरी चालेल, तिथे बहुधा विशेषणाला ‘ली’ लागते आणि काम भागतं. वर्गात नवा शब्द भेटला की तो ज्या रकान्यातला असेल तिथे लिही आणि बाकीचे तीन रिकामे सोड. संध्याकाळी कोश उघडून ते भर. समज, सरांनी ‘सर्व्हायव्हल रेट’ म्हटलं. तळ्यात सोडलेल्या पिल्लांपैकी किती जगली त्याचं प्रमाण. ‘सर्व्हायव्हल’ नामाच्या रकान्यात गेलं, क्रियापदाच्या रकान्यात ‘सर्व्हाइव्ह’, आणि जगला तो ‘सर्व्हायव्हर’ नामाच्याच रकान्यात खाली. इथे एक मेख आहे. ‘लीगल’, ‘फायनल’ पाहून आपल्याला वाटतं की ‘अल’ आलं म्हणजे विशेषण. पण हाच ‘अल’ क्रियापदाच्या मागे लागला की बहुधा नाम होतं : ‘अराइव्ह’चं ‘अरायव्हल’, ‘रिफ्यूज’चं ‘रिफ्यूजल’, ‘अप्रूव्ह’चं ‘अप्रूव्हल’, आणि दादांच्या रोजच्या वापरातलं ‘ट्राय’चं ‘ट्रायल’. कोर्टातला खटला ‘ट्रायल’ का, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. नाझराच्या पोरीला घरी कळलं.

रकाना रिकामाच राहिला तर रेघ मार. ओढूनताणून शब्द बनवू नकोस. टाकीत एक मासा दुसऱ्याच्या अंगावर जातो, तो ‘अग्रेसिव्ह’, ते वागणं ‘अग्रेशन’, करणारा ‘अग्रेसर’. क्रियापद? कोशात खोल कुठेतरी सापडेल, पण लोकांच्या तोंडात नाही. तिथे रेघ. त्या रेघेलाही अर्थ आहे : तुला दुसरं वाक्य रचायला लागणार, तो मासा ‘अटॅक’ करतो असं म्हणायला लागणार. उलट काही शब्द दोन रकान्यांत एकाच तोंडाने बसतात. ‘सॅम्पल’, ‘फीड’, ‘स्पॉन’, ‘कल्चर’ ही तुझ्याकडे नामंही आहेत आणि क्रियापदंही. त्यांना फार वेळ देऊ नकोस.

आता तुझ्या बाबाची काळजी मला पोकळ का वाटते ते सांगते. तुला इंग्रजी येत नाही असं तू म्हणतेस, आणि दिवसभर मराठी बोलताना शेकडो इंग्रजी घराण्यांतला एकेक माणूस तुझ्या तोंडात असतो. एस.टी.चा ‘कंडक्टर’ तुला लहानपणापासून माहीत आहे. तो ‘कंडक्ट’ करतो. त्याचं विशेषण ‘कंडक्टिव्ह’, आणि नाम ‘कंडक्टिव्हिटी’. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं यंत्र तुझ्या प्रयोगशाळेत असणार, तिथे हाच शब्द लिहिलेला दिसेल. ‘कलेक्टर’च्या मागे ‘कलेक्ट’, ‘कलेक्शन’, ‘कलेक्टिव्ह’ उभे आहेत. ‘इन्स्पेक्टर’मागे ‘इन्स्पेक्ट’ आणि ‘इन्स्पेक्शन’. ‘टेन्शन’ तर आपण मराठीच करून टाकलंय. त्याचं विशेषण ‘टेन्स’. ‘ॲडमिशन’ घेतलंस, आजीला दवाखान्यात ‘ॲडमिट’ केलं, दोन्ही एकाच घरातले, पण एकत्र कधी पाहिलेस? आणि हाताला लावतात ती ‘सलाईन’. मूळचं ते विशेषण, खारं. नाम ‘सलिनिटी’, खारटपणाचं प्रमाण. भाट्याच्या खाडीत काजळी नदीला पूर आला की सलिनिटी उतरते आणि मे महिन्यात चढते, हे तुला वर्षभर मोजायला लावतील. म्हणजे दवाखान्यातली बाटली आणि खाडीचं पाणी एका ओळीत आलं. येत्या रविवारी बस आणि घरात बोलली जाणारी अशी इंग्रजी नावं टिपून काढ. पानं पुरायची नाहीत.

(सावरकर 1924 ते 1937 याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि परके शब्द मराठीतून काढा म्हणून त्यांनी इथेच जोर लावला. त्यांच्या गावात बसून मी तुला उलटं सांगतेय असं कोणी म्हणेल. पण त्यांचे शब्द टिकले कसे बघ. ‘दिग्दर्शक’ त्यांच्या नावावर सांगतात. त्यातून ‘दिग्दर्शन’ निघालं, ‘दिग्दर्शित’ निघालं. ज्याला नातेवाईक आहेत तो शब्द राहतो. हा नियम इंग्रजी-मराठी बघत नाही.)

उच्चाराचं आत्ताच घे, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकशील. घराणं एक असलं तरी जोर प्रत्येक माणसाच्या वेगळ्या जागी असतो. शेवटी ‘इटी’ लागला की जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर सरकतो. ‘टॉक्सिक’ला पहिल्यावर, ‘टॉक्सिसिटी’ला दोनांतल्या पहिल्या ‘सि’वर, आणि शिवाय ‘क’चा ‘स’ झाला. ‘फर्टाइल’, पण ‘फर्टिलिटी’. पावसात गढूळ होतं ते पाणी ‘टर्बिड’, गढूळपणा ‘टर्बिडिटी’, पुन्हा जोर ‘इटी’च्या आधी. ‘शन’चंही तसंच. आणि काही शब्द लिहायला सारखे असून नाम असताना पहिल्यावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर जोर घेतात. आंब्याच्या पेट्या जातात तो ‘एक्सपोर्ट’ म्हणताना ‘एक्स’वर जोर, आम्ही पाठवतो म्हणताना ‘पोर्ट’वर. ‘रेकॉर्ड’, ‘पर्मिट’, ‘कॉन्व्हिक्ट’ असेच. सगळे असे नाहीत, ‘डिले’ दोन्हीकडे सारखाच. रत्नागिरी स्टेशनवर पावसाळ्यात कोकण रेल्वेची घोषणा ऐकत बसायची वेळ येतेच. तेव्हा ‘अराइव्ह’, ‘अरायव्हल’, ‘डिपार्ट’, ‘डिपार्चर’ कान देऊन ऐक. तेवढा तरी फायदा.

आता जिथे मुलं खरी घाबरतात तिथे येऊ. मिरकरवाड्यातून आणलेला बांगडा साफ करायला घेशील तेव्हा तो आधी ओट्यावर नीट आडवा ठेव. पाठीवर दोन पर दिसतील, त्यांच्यामागे शेपटीकडे बारीक बारीक पाच. कल्ल्यांमागे छातीशी एक जोडी. शेवटी दुभंगलेली शेपटी. इंग्रजीत पाठ म्हणजे ‘बॅक’, पण पाठीवरचा पर ‘डॉर्सल’. छाती ‘चेस्ट’, तिथला पर ‘पेक्टोरल’. शेपटी ‘टेल’, तिचा पर ‘कॉडल’. आत चीर दिलीस की यकृत ‘लिव्हर’, पण यकृताचं काही असेल तर ‘हेपॅटिक’. मूत्रपिंड ‘किडनी’, त्याचं विशेषण ‘रीनल’. कल्ले ‘गिल’, त्यांचं ‘ब्रँकियल’. समुद्र ‘सी’ आणि सागरी ‘मरीन’. नाम एका घरचं, विशेषण भलत्याच घरचं. इथे माझ्या कितीतरी मुलांनी हात टेकले, कारण रकान्यात शेजारी शेजारी लिहिलेल्या शब्दांत एक अक्षर सारखं नाही.

हे असं झालं त्याला कारण आहे. 1066 साली फ्रान्सच्या उत्तरेकडल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबाराची आणि मोठ्या घरांची भाषा फ्रेंच झाली. धर्माचं आणि विद्येचं लॅटिन होतंच. कोळी, शेतकरी, स्वयंपाकघर यांची इंग्रजी खाली तशीच राहिली. मासा पकडणाऱ्याने ‘टेल’ म्हटलं, माशावर ग्रंथ लिहिणाऱ्याने लॅटिनकडून ‘कॉडल’ घेतलं. दोन्ही टिकले.

आणि तुला याचं भय वाटायचं कारण नाही, कारण आपणही हेच करतो. आपण बोलताना पाठ म्हणतो आणि विज्ञानाच्या पुस्तकात ‘पृष्ठवंशीय’ प्राणी लिहितो. दात, पण दंतवैद्य. डोळा, पण नेत्रदान. गाव, पण ग्रामीण. मिठाचं विशेषण मिठट होतं का? ‘खारट’ होतं, आणि परीक्षेत ‘क्षारता’. घरातला शब्द आणि ग्रंथातला शब्द अशा दोन मांडण्या मराठी मुलाच्या डोक्यात आधीच असतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांपेक्षा तू या बाबतीत पुढे आहेस, मागे नाहीस. तेव्हा वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पानं ठेव, डावीकडे कोळ्याचा शब्द, उजवीकडे ग्रंथाचा. बांगडा शिजायच्या आत पहिलं पान भरेल.

जुन्या माणसांनी घरी केलेलं पुढे विद्वानांनी मोजूनमापून केलं. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला होते, बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवता शिकवता त्यांना प्रश्न पडला, आधी कोणते शब्द? त्यांची सुमारे 2000 मूळ शब्दांची यादी 1953 साली छापली गेली आणि तिच्यात प्रत्येक शब्दाखाली त्याची रूपंही मांडली होती. पुढे न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी केली. तिच्यात 570 नोंदी आहेत. सुटे शब्द 570 नव्हेत, 570 घराणी. ‘ॲनालाइज’ हे एक घराणं, त्यात ‘ॲनालिसिस’, ‘ॲनालिस्ट’, ‘ॲनालिटिकल’ सगळे आले. ही यादी कुठेही मिळते. ती तुझ्या कोणत्याही एका विषयाची नाही, म्हणून सगळ्या विषयांना लागते. पहिल्या वर्षी रोज एक घराणं घेतलंस तरी पुष्कळ. पण पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांशी नुसती ओळख कर आणि वाक्यात दोघांनाच वापर, क्रियापद आणि नाम. बाकीचे पुस्तकात पुन्हा भेटले की आपोआप जवळचे होतात.

कोश कसा वापरायचा हेही सांगते, कारण फोनवर शब्द टाकून अर्थ बघणं म्हणजे कोश बघणं नव्हे. छापील कोशात शब्द सापडला की त्याच्या वरच्या आणि खालच्या पाच-सहा नोंदी वाचायच्या. नातेवाईक बहुधा तिथेच असतात. अर्थासाठी वीरकरांचा कोश चांगला, पण वाक्यात वापरायचं कसं ते शिकणाऱ्यांसाठी केलेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात बघ. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तो रचला, ऑक्सफर्डने 1948 साली काढला. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत काही शब्दांशेजारी घराण्याची चौकटच दिलेली असते. ती चौकट लागते ती अशासाठी की पुढे उपसर्ग लागला की माणूस दुसऱ्या अक्षरात निघून जातो. ‘एबल’ ‘ए’मध्ये, पण ‘इनेबल’ ‘ई’मध्ये आणि ‘डिसेबल’ ‘डी’मध्ये. घरी बसून होत नसेल तर आपलं जिल्हा नगर वाचनालय आहे, 1828 पासूनचं. तिथे मोठे कोश चाळायला मिळतात आणि फोन खिशात राहतो.

नात्याच्या नावाखाली फसवणारेही असतात. शिकवणारा ‘टीचर’, गाणारा ‘सिंगर’, मग स्वयंपाक करणारा ‘कुकर’? तो तीन शिट्ट्या देतो. माणूस तो ‘कुक’. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, पण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिलंस तर बिचाऱ्याची नोकरी जाईल. ‘इकॉनॉमिक’ अर्थव्यवस्थेचं, ‘इकॉनॉमिकल’ काटकसरीचं. ‘सेन्सिटिव्ह’ हळवा, ‘सेन्सिबल’ समंजस. दोन्ही एका माणसात क्वचितच. हातखंब्याला महामार्गावर टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं बघ. सुरुवातीचा ‘इन’ पाहून हा पेट घेत नाही असं कोणाला वाटलं तर कठीण आहे. तो ‘इन’ नकाराचा नाहीच, शब्द ‘इन्फ्लेम’वरून आलाय, भडकणं. त्याच घरातलं ‘इन्फ्लमेशन’ तुला माशांच्या रोगांत भेटेल, जखमेभोवतीचा लाल दाह. असे फसवे शब्द सापडले की लाल शाईने लिही, आणि त्यांच्या यादीचा अभ्यास करत बसू नकोस. एकेक आठवतो तो प्रसंगाने.

आता राहिलं ते सगळ्यात कामाचं, आणि हेच बहुतेक पुस्तकं घाईत उरकतात. क्रियापदाचं नाम झालं की त्याच्या मागेपुढे येणारे शब्दही बदलतात. आपल्या लोकांच्या इंग्रजीतल्या निम्म्या खोडी इथल्या आहेत. ‘डिस्कस’ला कोणी लागत नाही, थेट विषय : ‘वुई डिस्कस्ड द रिझल्ट’. पण ‘डिस्कशन’ झालं की ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ हवं. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असताना थेट, नाम असताना ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘डिमांड’ तसंच. ‘एम्फसाइज’ थेट, ‘एम्फसिस ऑन’. ‘द वॉटर लॅक्स ऑक्सिजन’, पण ‘लॅक ऑफ ऑक्सिजन’. नामाची सवय क्रियापदाला चिकटवली की ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘लॅक्स ऑफ’ जन्माला येतात. म्हणून रकान्यात नुसतं नाम लिहू नकोस, त्याला लागणारा तो बारका शब्दही सोबत लिही.

‘ॲडव्हाइस’चंही बघून ठेव. नाम ‘सी’ने लिहितात, क्रियापद ‘एस’ने आणि उच्चारात ‘झ’. ‘यूज’ला स्पेलिंग एकच, पण नाम असताना ‘यूस’. आणि ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत ‘इक्विपमेंट्स’ लिहिशील, माझी खात्री आहे, सगळे लिहितात.

प्रॅक्टिकलची वही म्हटली म्हणून एक. तिथे नामं चालतात : पाण्याचं ‘ॲनालिसिस’, तापमानाचं ‘मेझरमेंट’. कोर्टाचं आणि सरकारी इंग्रजी तर नामांवरच जगतं. दादांच्या मसुद्यात कोणी काही ठरवत नसे, ‘डिसिजन’ घेतला जाई आणि ‘कन्सिडरेशन’ चालू असे. बोलताना मात्र क्रियापदावर ये. सरांना ‘आय मेड ॲन ऑब्झर्व्हेशन’ सांगत बसू नकोस, ‘आय ऑब्झर्व्ह्ड’ म्हण. वाक्य लहान होतं आणि अडखळायला जागा कमी राहते. याच कारणाने दादा पोरांकडून पहिला रकाना आधी भरून घेत.

दिवाळीला येशील तेव्हा वही आण. मी स्पेलिंगं बघणार नाही, रकाने बघेन, आणि ‘डिस्कस’च्या पुढे कुठे ‘अबाउट’ दिसलं तर फराळाचा डबा अर्धाच भरेन.